कुंकू लावलेली डिस्क

अन्या, तुला ओटीवर आडवं निजवलं होतं, नाकात कापूस घातला होता, निम्मं टोकावडं अंगणात गोळा झालं होतं, आणि आपल्या आईनं भिंतीकडे फिरवलेलं तोंड वळवलं नाही. वहिनीनं, तुझ्या बायकोनं, तिला उठवून बसवली. ‘आई, एकदा बघा ना, चाललेत ते,’ म्हणाली. आई नाही म्हणजे नाही. पोटचा मुलगा गेला आणि म्हातारीच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं बाया एकमेकींच्या कानाला लागून बोलत होत्या. मी तिथंच उभी होते. थोरली बहीण म्हणून मी तिला हलवून काहीतरी सांगायला हवं होतं. मी काय केलं सांगू? मनात म्हटलं, बरं झालं, अन्या, भोग आता.

काल तुझं तेरावं झालं. जेवताना पंगतीत तुझी आरती चालली होती. ‘काय माणूस व्हता, कधी कुणाला तोडून बोलला नाय.’ ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू तोडून बोलायचा नाहीसच, मेल्या. तू गप्प बसायचास. मी घसा फुटेस्तोवर भांडायचे आणि तू हातातला स्क्रू-ड्रायव्हर फिरवत ‘असेल’ म्हणायचास. दहाव्याला कावळा पिंडाला पहिल्या झटक्यात शिवला. सगळे म्हणाले, ह्याचं काही राहिलेलं नव्हतं बघा. असं कसं राहिलेलं नव्हतं? माझं आणि तुझं चार वर्षांचं भांडण अर्ध्यावर पडलंय, आणि तू कावळ्याला हो म्हणून मोकळा झालास!

ह्या भांडणाला मूळ एकच, ती डिस्क. आपली आई धवलारीण. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत तिचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, चालायचे. डोळखांबपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत लोक आधी आईला सांगायला यायचे, भटजींना मग. आणि बाईचा हेका असा, की गाणं लिहून घ्यायचं नाही, मोबाईल तोंडापुढे धरायचा नाही. ‘लिवलं का तोंडातनं जातं गो,’ म्हणायची. मी चारदा वही घेऊन बसले, चारदा वही चुलीत गेली. तू मात्र तिला बनवलीस. तुझा धंदा ढाब्यांवर कॅमेरे लावायचा, म्हणून एक कॅमेरा घरच्या ओटीवर ठोकलास. ‘चोर येतात, आई,’ असं सांगितलंस आणि सोबत माईक जोडलास. दोन उन्हाळे ती संध्याकाळी बायांना घेऊन ओटीवर बसली, तांदूळ निवडत गात राहिली, आणि तुझा डीव्हीआर, म्हणजे ते चित्र साठवणारा डबा, सगळं गिळत राहिला. तिला कळलं तेव्हा तुला तिनं कोयता दाखवला होता. मग टीव्हीवर स्वतःला बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘ही मी हाय? एवढी काली?’ त्यानंतर रोज संध्याकाळी ‘लाव रे माजा कारेक्रम’ म्हणून तुझ्या मागे लागायची.

आणि मग तिच्या अंगावरून वारा गेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शंभरावर धवले त्या तोंडात कायमचे अडकले. उरलं ते एका डब्यात, पाचशे जीबीच्या एका डिस्कवर.

आता तुला श्रेय द्यायचं तिथं देते, उगाच वर बसून तोंड वाकडं करू नकोस. मला लिनक्स तू शिकवलंस. शहापूरला मी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, कॉम्प्युटर महिन्यात दोनदा झोपायचा. तू आलास, सगळं पुसून लिनक्स घातलंस आणि कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यासमोर मला बसवून निघून गेलास. दहावी झालेली बाई मी, चाळिशी उलटलेली. फोन केला की पहिला प्रश्न, ‘कमांडची माहिती वाचलीस?’ नाही म्हटलं की, ‘आधी वाच, मग फोन कर.’ खटकन बंद. सख्ख्या बहिणीचा फोन! मी तुला काय काय शिव्या दिल्यात ते माझ्या दुकानाच्या भिंतींना विचार. पण वाचत गेले. एंटर दाबायच्या आधी मी हात जोडायचे आणि तू पोट धरून हसायचास. आज माझ्याकडे कॉलेजची पोरं अडलेलं काम घेऊन येतात, तेव्हा मीही म्हणते, आधी वाच. तुझीच खोड लागली.

तर ती डिस्क कटकट वाजायला लागली. तू म्हणालास, मरणार ही, हिच्यातलं सगळं जसंच्या तसं मोठ्या डिस्कवर उतरवून डब्यात नवी बसवायला हवी. पेनड्राइव्हवर काढून बघितलं होतंस, तर चित्र यायचं, आवाज यायचा नाही. आईचं नुसतं तोंड हलायचं. म्हणून अख्खी डिस्कच उतरवायची, त्याला डीडी नावाची कमांड. तू मला ती पाण्यावरून समजावलीस. ‘आयएफ म्हणजे विहीर, ओएफ म्हणजे हंडा. उलटं झालं तर रिकामा हंडा विहिरीत ओतशील, आणि ही कमांड विचारत नाय, खरंच ओतू का म्हणून. म्हणून ताई, आधी यादी काढ, साइज बघ. पाचशेची ती विहीर, हजारची तो हंडा.’ मला झक्क समजलं होतं. ते समजलं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही.

आणि तुझी टोकावड्याच्या दुकानातली पद्धत. गिऱ्हाइकाची भरलेली डिस्क आली की तिच्यावर कुंकवाचं बोट. चिठ्ठी चिकटवली तर दमट हवेत गळून पडते, मार्करची शाई कधी धड नसते, देवाच्या फळीवर करंडा मात्र कायम भरलेला. ‘जिला कुंकू, तिला हात लावायचा नाय,’ हा तुझा कायदा. किती शहाणा! पुढे दसरा येतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि घरातली बाई पक्कडीपासून मीटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लावत जाते, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही रे? चाळीस दसरे बघितले होतेस तू.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तुला माळशेजच्या रस्त्याला एका ढाब्यावर शिडीवर चढायचं होतं. मी सणाला आलेली टोकावड्यातच होते. डिस्कची कटकट वाढली होती, तू म्हणालास, थांबायला नको, तू कर, मी फोनवर आहे. मी तुझ्या दुकानात बसले. तू शिडीवरून ओरडत होतास, वारा फोनात घुसत होता. ‘कुंकवाची डाव्या केबलला, बिनकुंकवाची उजव्या.’ मी लावल्या. ‘डावी ती बी, उजवी ती सी. आयएफला बी, ओएफला सी. साइज बघितलीस?’ मी म्हटलं, ‘बघितली.’ ‘मग दाब.’ हात जोडले आणि दाबला.

संध्याकाळी तू आलास, नवी म्हणून एक डिस्क डब्यात बसवलीस, टीव्ही लावलास. आईला मुद्दाम खुर्चीत आणून बसवलं होतं. काळा पडदा. दुसरी बसवलीस. काळा पडदा. तुझं तोंड बघून मला कळलं. तू दोन्ही डिस्का पालथ्या करून उजेडात धरल्यास आणि म्हणालास, ‘कुंकू दोन्हींना कसं?’ मी म्हटलं, ‘मला काय विचारतोस? तुझ्या बायकोनं पूजेला दिसेल त्याला फासलंय. तू म्हणालास कुंकवाची, मी कुंकवाची लावली.’ तू ताडताड आत गेलास. आत वहिनीचा आवाज आला, तुझा आला. बाहेर आलास, तांब्याभर पाणी प्यायलास, आईच्या पायाशी बसून म्हणालास, ‘आई, माज्या हातनं मशीन बिघडली. तुजा कारेक्रम गेला.’

आईनं तुझ्याकडे बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड केलं. ते केलं ते केलंच. चार वर्षं एका घरात राहून तिनं तुझं तोंड बघितलं नाही, तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तू घास पुढे केलास की दात आवळायची. वहिनीनं भरवलं तर जेवायची. माझ्या लेकीच्या, मनीषाच्या हळदीला आमच्याकडे धवला झाला नाही, डीजे लावला. आई मांडवात खुर्चीवर बसली होती आणि त्या दणदणाटात तिचे ओठ हलत होते. मनीषाला हळद लावताना कुठला धवला असतो ते तिला ठाऊक, आणि तिच्याशिवाय कुणालाही नाही. दुसऱ्या दिवशी लग्नात तू मामा म्हणून आईच्या हातात अक्षता द्यायला गेलास, तर तिनं मूठच उघडली नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर. तू त्या अक्षता आपल्याच खिशात टाकल्यास.

आणि मी तुला सोडला नाही. जेव्हा जेव्हा एसटीतून उतरले तेव्हा तेव्हा भांडले. बायकोचा गुलाम म्हणाले. बायकोची चूक पोटात घातलीस, आईला फसवलंस, मशीन बिघडली म्हणे! तू एवढंच विचारायचास, दर वेळी तेवढंच, आवाज न चढवता: ‘ताई, साइज बघितली होतीस ना?’ मी म्हणायचे, ‘बघितली होती. शंभरदा सांगू?’ तू म्हणायचास, ‘असेल.’ माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटायचं, टोचतोयस. कल्याणच्या हॉस्पिटलात दोन दिवस होतास, मी उशाशी बसले होते, म्हटलं आता तरी म्हणेल हा, की बायकोची चूक होती, ताई, तुझी नव्हती. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, चार्जर आणलास का. चार्जर! तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता खरं सांगते. तू ऐकत नाहीस म्हणून सांगायला सोपं जातंय, हेही मान्य.

पूजा वहिनीनं केलीच नव्हती. त्या दिवशी तिला देवाला शिवायचं नव्हतं. ‘ताई, दुकानातलं तेवढं तुमी करा,’ म्हणाली आणि ताट माझ्या हातात दिलं. मी लावलं कुंकू. सोल्डरिंगला, मीटरला, शिडीला, सगळ्याला. टेबलावर दोन डिस्का होत्या. एकीवर तुझं जुनं पुसट बोट होतं, म्हटलं हिला आहेच. दुसरी कोरी होती, तिला चांगलं ठसठशीत लावलं. सणाच्या दिवशी एक वस्तू बोडकी कशाला ठेवायची, एवढाच माझा विचार. आणि त्या दुपारी तू शिडीवरून ओरडत होतास तेव्हा दोन्हींवर कुंकू आहे हे मला दिसलं होतं. मी तुला बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाला असतास, डोळे आहेत का खाचा. पूजेला कुठलीला नवं लावलं ते तेव्हा आठवेना, म्हणून मीच ठरवलं, जिचं ठसठशीत ती भरलेली. आणि साइज मी बघितली नव्हती. यादी काढली असती तर दोन सेकंदांत पाचशे आणि हजार समोर आले असते. मला वाटलं, आता ह्या बाबाला दाखवते मला किती येतं. आईचा आवाज मी पुसला, अन्या. रिकामा हंडा मी ओतला. वहिनीवर ढकललं ते तोंडातून निघून गेलं आणि मग चार वर्षं परत घेता आलं नाही. दर वेळी तू विचारलंस की वाटायचं, सांगावं. आणि दर वेळी तुझ्यावरच खेकसायचे. वहिनी तर माझ्यापुढे चहा ठेवून निघून जायची. मला वाटायचं, गरीब आहे, घाबरते.

काल तेराव्याची भांडी आवरून झाली. मागच्या दारी वहिनी राख लावून पातेली घासत होती. मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, ‘तुझ्यावर मी आळ घातला गो. मी आईला सांगते आता, पूजा मी केली होती म्हणून.’ तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, ‘मी ह्यांना त्याच दिवशी सांगितलं व्हतं, ताई.’

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, ‘काय सांगितलं होतंस?’

‘का पूजेला मी शिवले नाय, ताईंनी केली. ते म्हनाले, आता हे कुनाला बोलायचं नाय. ताईला वर्षात चार सनांना म्हायेर हाय, आईनं तोंड फिरवलं तर ती येईल कुठं? मी हितंच हाय, मी सोसंन.’ आणि पातेलं पालथं घालून म्हणाली, ‘मला लय राग आला व्हता तवा. अजून हाय.’

तुला ठाऊक होतं! आत जाऊन बाहेर येईपर्यंत, तांब्याभर पाणी प्यायलास तेवढ्यात तू ठरवून टाकलंस. मी तुला बायकोचा गुलाम म्हणत होते आणि तुला ठाऊक होतं. आई दात आवळत होती आणि तुला ठाऊक होतं. तुला कुणी सांगितलं होतं रे एवढा मोठा व्हायला? मी थोरली आहे. सोसायचं ते मी ठरवणार, तू कोण? दर वेळी ‘साइज बघितली होतीस ना’ विचारण्यापेक्षा एकदा माझ्या मुस्काटात मारून ‘ताई, तू केलंस’ म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी आईच्या पाया पडले असते. पडले असते का? नाही, खोटं नाही बोलत आता. कदाचित नसते पडले. पण तू मला संधीच दिली नाहीस. दिलीस, विचारून विचारून दिलीस, पण अशी कुणी देतं का? चांगुलपणा करायचाय तर पुरा कळेल असा करावा माणसानं. तुझ्या ह्या चांगुलपणाची मला चीड येते, अन्या. अशी चीड तुझ्या कुठल्या वाईटपणाचीही आली नव्हती.

आज सकाळी मी आईकडे गेले. तिच्या खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथं ती बघत असते तिथं, सांदीत शिरून बसले, म्हणजे तिला तोंड फिरवायला जागा नको. आणि सांगितलं. कुंकू मी लावलं, बटण मी दाबलं, बघितली म्हणून खोटं मी बोलले. अन्यानं काही केलं नव्हतं, आई. त्याला ठाऊक होतं आणि तो माझ्यासाठी बोलला नाही.

तिला कळलं. तिची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि माझ्या थोबाडीत मारली. परत मारली. केस धरले आणि डोकं खाटेच्या माचव्यावर आपटलं. एका हातात एवढं बळ कुठून आणलं कोण जाणे. वहिनी धावत आली, मी म्हटलं, राहू दे, तिला मारू दे. हात थकला तेव्हा तिनं तोंड उघडलं. तुझं नाव घ्यायचं होतं तिला. ‘अ’ च्या पुढे काही येईना. ‘अ… अ…’ करत ती ढसाढसा रडली, अन्या. गावातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. तुला उचलला त्या दिवशी रडायला हवी होती तेवढी सगळी आज रडली.

मग बोटानं खुणावून फोटो मागितला. वहिनीनं हार काढून तुझा फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासून दुपार टळली, तिनं तो हातातून सोडलेला नाही. मी पाणी नेलं तर दात आवळले. मी थांबले, परत पेला पुढे केला, परत दात आवळले. शहापूरची गाडी मी आज सोडली. उद्याचीही सोडणार आहे, ती माझ्या हातचं पाणी पीपर्यंत सोडणार आहे, मग चार वर्षं लागोत.

ती तुझ्याकडे बघतेय. एकसारखी बघतेय. मी बाजूला पेला धरून उभी आहे, माझ्याकडे तिची मान वळत नाही. झालं तुझ्या मनासारखं? का हेच होऊ द्यायचं नव्हतं तुला? बोल ना रे. असेल म्हणू नकोस.